शिंगणापूरची कावड आणि कोरडा डोंगर

माण तालुक्यात चैत्र म्हणजे विहिरींचा तळ दिसण्याचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत सासवडहून कऱ्हा नदीचं पाणी माणसांच्या खांद्यावरून शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाकडे निघतं. या कावडीचं मूळ शोधायचं तर पुराणाआधी भूगोल पाहिलेला बरा. देऊळ महादेव डोंगररांगेवर, सुमारे १,०५० मीटर उंचीवर आहे. कृष्णा आणि भीमा यांची खोरी हीच रांग वेगळी करते. पश्चिमेकडून आलेला पाऊस महाबळेश्वराच्या पट्ट्यात रिता होतो. माणच्या वाट्याला येतो तो वळवाचा आणि परतीचा, तोही आला तर. अशा माथ्यावर देवाला स्नान घालायचं म्हणजे पाणी खालून वाहून आणणं आलं.

गावाचं नाव देवगिरीच्या यादव राजा सिंघणावरून पडलं, अशी परंपरा आहे. गाभाऱ्यात एक नाही, दोन पिंडी आहेत. त्यांना शिव आणि शक्ती मानतात. जवळच अमृतेश्वराचं देऊळ आहे. त्याला लोक ‘बळी’ म्हणतात आणि हे नाव वाटतं तितकं साधं नाही. लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांच्या मांडणीनुसार हा शंभू महादेव मूळचा आंध्रातल्या श्रीशैलचा मल्लिकार्जुन. होयसळ राजकुळातला बळियप्पा (‘बळी’ हे नाव त्याच्याशी जोडलं जातं) दक्षिणेतून इकडे आला, त्याच्याबरोबर हे दैवत आलं आणि त्याच्याच वंशातून पुढे भोसले घराणं झालं. भोसल्यांच्या होयसळ मुळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शंभू महादेव हे भोसल्यांचं कुलदैवत, यावर वाद नाही.

डोंगरावरचा मोठा तलाव शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधला. शिवकालीन संस्कृत काव्य ‘शिवभारता’त त्याचा उल्लेख आहे. बखरी पुढे सांगतात, की देवीच्या दृष्टान्तानं मालोजींना वेरूळला धन सापडलं, ते त्यांनी चांभारगोंद्याच्या (आताचं श्रीगोंदा) शेषोनाईक पुंडे या सावकाराकडे ठेवलं आणि त्यातून धर्मकामं केली. धनाची गोष्ट कुणी मानो न मानो, यात्रेकरूंची तहान भागवायला खर्च झाला हे तळ्याकडे पाहून कळतं. देवळाचा जीर्णोद्धार पुढे शिवाजी महाराजांनी आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांनी केल्याचं सांगतात. भक्कम दगडी खांबांवर नंतरच्या काळातलं चुन्यातलं, मूर्तींनी भरलेलं शिखर, असं आजचं मिश्र रूप त्यातूनच आलं.

आता आख्यायिका. कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. शंकर हरले, पार्वती हसली आणि देव रुसून या डोंगरात येऊन तपाला बसले. ती जागा म्हणजे गुप्तलिंग. पार्वती भिल्लिणीच्या रूपात शोधत आली, तिनं त्यांना रिझवलं आणि इथेच पुन्हा लग्न लागलं.

चैत्र यात्रेचा सगळा क्रम या लग्नावर बेतलेला आहे. पाडव्याला सुरुवात, पंचमीला देवाची हळद, अष्टमीला ध्वज आणि मध्यरात्री लग्न. ध्वज म्हणजे काठीवरचा झेंडा नव्हे. महादेवाच्या कळसापासून बळीच्या कळसापर्यंत ताणून बांधलेली ती लांबलचक पांढरी पट्टी. शिव-पार्वतीच्या लग्नगाठीसारखी ती दोन्ही देवळं जोडते. द्वादशीला कावडी चढतात आणि पौर्णिमेला यात्रा सरते. हे दिवस तिथीचे असल्यानं तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. एखादी तिथी क्षय पावली तर हळद आणि लग्न यांमधला दिवसही कमी होतो, म्हणून निघण्यापूर्वी पंचांग पाहावं.

कावडीची बांधणी सोपी. आडवा मजबूत दांडा, दोन्ही टोकांना पाण्याची मोठी भांडी आणि वर भगवे झेंडे. सपाट रस्त्यावर खांदेकरी आळीपाळीनं खांदा बदलत चालतात. खरी कसोटी मुंगी घाटाची. माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याकडून सरळ उभी चढणारी ही वाट, पायाखाली सुटे दगड, वर चैत्राचं ऊन. चढावर कावड मागे कलते आणि सगळं ओझं खालच्या माणसांवर येतं. भांड्यातलं पाणी हिंदकळलं की तोल आणखी जातो. वरून ओढणाऱ्यांनी दोर झटक्यानं खेचला तरी तेच होतं, खालच्यांचा पाय सुटतो. म्हणून वर दोर, मधे हातात हात गुंफलेली माणसांची साखळी आणि खाली पाठीनं रेटा, अशी कावड पावलापावलानं वर सरकते. दमछाक झाली की ‘म्हाद्या, धाव!’ अशी आरोळी उठते. कुलदैवताला असं अरेतुरेनं हाक मारण्यात कुणाला वावगं वाटत नाही, माणदेशात तर नाहीच.

सर्वांत मोठा मान सासवडच्या कावडीचा. परंपरेत तिला भुतोजी तेली यांचं नाव आहे, लोक ‘तेल्या भुत्याची कावड’ म्हणतात. बाकीच्या कावडी वर गेल्यावर ती शेवटी घाटाला लागते आणि दिवस कलताना माथ्यावर पोहोचते. मग रात्री कऱ्हेच्या पाण्यानं दोन्ही पिंडींना अभिषेक होतो.

फलटणहून आणि दहिवडीहून गाडीरस्ता थेट गावात येतो. तरी मानाच्या कावडी त्या रस्त्यानं येत नाहीत. घाटातला थरार पाहायचा असेल तर द्वादशीला दुपारीच घाटमाथा गाठावा. संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा मिळत नाही आणि कडेला रेटारेटी झाली तर सुटलेला दगड खालच्या साखळीवर जातो. पिण्याचं पाणी घरूनच भरून न्यावं. लाखोंच्या गर्दीपुढे गावाचं पाणी पुरत नाही, टँकर आणावे लागतात.