नॅचरल लॉ म्हणजे जंगलाचा कायदा नाही हो
काल नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाता खाता एक भाऊ सांगून राहिला होता, मोठा मासा लहान माशाले खाते, हाच नॅचरल लॉ, माणूसही तसाच. हे मी कॉलेजपासून ऐकून राहिलो अन् दर वेळी जीव तुटतो, कारण अर्थच उलटा लावलाय.

१३व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने जो नैसर्गिक नियम, म्हणजे नॅचरल लॉ, मांडला तो जनावरांची नक्कल करा असं सांगतच नाही. माणसाचा स्वभाव म्हणजे नुसती भूक अन् राग नाही ना, त्यात बुद्धीही येते, मग जीव जपणं, लेकरं वाढवणं, सत्य शोधणं, चार लोकांत मिळून राहणं या ज्या ओढी आपल्यात आहेत त्यांना बुद्धीनं वळण लावायचं. चांगलं करा, वाईट टाळा, हे पहिलं सूत्र.

अन् मोठ्या माशाच्या गोष्टीसोबत लोक जो 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' (जो परिस्थितीत बसतो तोच टिकतो) जोडतात, तो शब्द १८६४ मध्ये इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने काढला, डार्विनने नंतर घेतला. त्यातून कोण टिकतं ते कळतं, काय योग्य ते नाही.

तोच भाऊ, बाजूला म्हातारे बाबा प्लेट धरून उभे दिसले तसा उठला, स्टूल सरकवला, 'बसा न बाबा' म्हणाला. हाही माणसाचा स्वभावच आहे, अक्वायनस याच्याचबद्दल बोलत होता.