बर्फाखाली झोपलेले डास

जूनअखेरीस कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात ट्रेकला जायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून आलेल्या मावशीने पर्समधून ओडोमॉसची ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली. मी हसलो. समुद्रसपाटीपासून ८,६०० फूट उंच असलेलं टुआलमीचं कुरण, झाडांच्या सावलीत अजून बर्फाचे ढीग, पहाटे स्वेटर लागतो. तिथे कसले आलेत डास? गाडीचं दार उघडून दोन मिनिटं झाली नसतील, तोच तिची ट्यूब आमच्यात हातोहात फिरू लागली.

आपल्या डोक्यात डास म्हणजे उकाडा, तुंबलेलं गटार, गॅलरीतली कुंडीखालची ताटली. इथल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या डासांचं गणित वेगळं आहे. एडीस वंशातल्या काही जातींच्या माद्या उन्हाळ्यात कुरणातल्या ओलसर मातीत, शेवाळात अंडी घालतात. तेव्हा तिथे पाणी नसतं, पण पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर साचणार असतं. मग हिवाळा येतो आणि त्या अंड्यांवर कित्येक फूट बर्फाची गोधडी पडते. वर हवा उणे वीस अंश असली, तरी गोधडीखालची जमीन शून्याच्या आसपासच राहते. नुसत्या उबेने ही अंडी जागी होत नाहीत. आधी थंडीचा मोठा काळ जावा लागतो, मगच ती झोपेतून उठायला तयार होतात. डेंग्यू पसरवणारी आपल्याकडची एडीस इजिप्ती पिंपाच्या कडेला अंडी घालते आणि ती अंडी कोरडी ठक्क होऊनही महिनोन्‌महिने तग धरतात. युक्ती तीच. आपल्याकडे वाट पाण्याची, सिएरात बर्फ वितळण्याची.

वाटेतल्या एका डबक्याशी मी उकिडवा बसलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, एका कडेला बर्फाची पातळ साय, आणि मधोमध शेकडो अळ्या डोकं खाली, शेपटाकडची श्वासनळी वर अशा उलट्या टांगलेल्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या आणि थोड्या वेळाने एकेक करत परत वर आल्या. या डासांची वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे सगळ्यांनाच त्या मोजक्या आठवड्यांत उडायचं, जुळायचं आणि अंडी घालायची असतात. चावतात त्या फक्त माद्या, कारण अंड्यांसाठी प्रथिनं लागतात. नर फुलांतल्या मधावर जगतात. मध माद्याही पितात. उत्तर अमेरिकेतल्या थंड, दलदलीच्या रानांत एका हिरवट ऑर्किडचं परागीभवन चक्क डास करतात. चावून घेताना हे आठवलं तर बघा!

म्हणून माझ्या मते डासांवरचं सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे तारीख. तीही कॅलेंडरवरची नव्हे, बर्फाची. २०२३ साली इतका बर्फ पडला होता की कुरणाकडे नेणारा टायोगा रस्ता २२ जुलैला उघडला. अशा वर्षी डासही मागे सरकतात. बर्फाची रेषा जसजशी डोंगर चढते, तसतसे डास तिच्या मागोमाग वर जातात. ऑगस्ट सरता सरता कुरण कोरडं पडतं आणि तीच वाट निवांत होते. अर्थात धबधबे आणि रानफुलं जोरात असतात ती डासांच्याच दिवसांत. सुट्टी तेव्हाच असेल, तर मग त्यांचं वागणं समजून घ्यावं लागतं.

डासाला आपला पत्ता आधी श्वासातून लागतो. बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तो काही मीटरांवरून येतो, जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब पकडतो. त्याचा वेग मात्र बेताचा, साधारण आपल्या चालीइतका किंवा त्याहून कमी. सपाटीवर झपझप चाललं की तो मागे पडतो. चढावर आपला वेग निम्म्यावर येतो, धापा वाढतात, आणि नेमकं तेव्हाच आपण पाणी प्यायला थांबतो. थांबायचंच तर वारा लागेल अशा उघड्या खडकावर थांबावं, कारण जोराच्या वाऱ्यात डासाला उडता येत नाही. उत्तर ध्रुवाकडचे कॅरिबू हरणांचे कळप डासांच्या दिवसांत वाऱ्याच्या कड्यांवर आणि उरल्यासुरल्या बर्फावर जाऊन उभे राहतात, ते याचसाठी. तंबूही तळ्याकाठच्या हिरवळीपेक्षा उंचवट्यावर बरा. तसंही पाण्यापासून शंभर फूट दूर राहायचा तिथला नियम आहेच.

अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्जमधून सोंड आरपार जाते. त्यापेक्षा ढगळ, फिकट रंगाची पँट बरी. डोक्यावरच्या जाळीत माणूस मधमाश्या पाळणाऱ्यासारखा दिसतो, दिसू दे. कपड्यांवर आधीच परमेथ्रिन फवारून वाळवलं तर त्यावर बसलेला डास मरतो. हे शेवंतीच्या भाऊबंद फुलांतल्या कीटकनाशकाचं कारखान्यात घडवलेलं रूप आहे. ते ओलं असताना घरातल्या मांजरीला मात्र लांब ठेवा, तिला ते विषारी असतं.

त्वचेला लावायला डीट किंवा पिकारिडिन, ही डासांना दूर ठेवणारी रसायनं. डीट अमेरिकी सैन्याने १९४६ पासून वापरलं, १९५७ मध्ये ते सर्वांना मिळू लागलं. मावशीच्या ओडोमॉसमधलं रसायन त्याच्याच नात्यातलं. डीटचं प्रमाण वाढवलं म्हणून डास जास्त दूर पळत नाहीत, फक्त असर जास्त तास टिकतो. २० ते ३० टक्क्यांत दिवसाचं काम भागतं. डीट प्लास्टिक विरघळवतं, हे मला माझ्या गॉगलने शिकवलं. काडीवर अंगठ्याचा ठसा आजही आहे. पिकारिडिन असा उपद्रव करत नाही, म्हणून हल्ली मी तेच नेतो. सनस्क्रीन आधी, ते मुरल्यावर हे. लसूण खाणं, बी-१ च्या गोळ्या आणि अल्ट्रासोनिक यंत्रं मात्र चाचण्यांत टिकलेली नाहीत.

एवढं करूनही चावतातच. खाज येते ती डासाच्या लाळेवर आपलंच शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं म्हणून. गार पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये, हे सांगायला सोपं.

दुपारी कॅथेड्रल लेकच्या काठच्या खडकावर डबे उघडले. वारा छान सुटला होता, मावशीने जाळी वर करून थेपल्याचा पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला वारा पडला. थेपले हातात घेऊनच आम्ही चालायला लागलो.