मोरीचं पाणी वाळू साफ करत नाही

उलट्या बाटलीत तळाशी कापूस, त्यावर कोळसा, वाळू आणि खडी. वरून गढूळ पाणी ओतलं की खालून नितळ पाणी ठिबकतं. विज्ञान प्रदर्शनातला हा प्रयोग पाहिला की मोरीचं, बेसिनचं, कपडे धुतलेलं पाणीही असंच गाळून बागेला घालता येईल असं वाटतं. मग सगळी चर्चा वाळू बरी की काथ्या, कोळशाचा थर किती जाड, इथेच फिरत राहते.

पण हिशेब करून बघा. वाळूचा कण ०.३ मिलिमीटरचा धरला, तर दाटून बसलेल्या कणांमधली फट त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी, म्हणजे साधारण ४५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिवाणू असतो एखाद्या मायक्रॉनचा. साबण तर विरघळलेलाच. त्याला कुठली फट अडवणार?

तरीही वाळूचे फिल्टर काम करतात, आणि चोख करतात. १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात आठ हजारांवर माणसं दगावली. तिथे एल्ब नदीचं पाणी न गाळताच नळाला येई. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं, हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी घेत होतं, पण वाळूच्या थरांतून संथपणे सोडून. तिथे साथ फारशी पसरली नाही.

वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. पाणी शेजारून जाताना त्यातले कण या थराला चिकटतात, विरघळलेले पदार्थ आत झिरपतात आणि तिथेच खाल्ले जातात. हा थर जमायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच नव्याकोऱ्या फिल्टरचं पाणी दिसायला नितळ, पण साबण बराचसा तसाच. काथ्या, विटांचे तुकडे, खडी, कोळसा या सगळ्या जिवाणूंच्या वस्तीच्या जागा. कोळसा वास आणि रंग धरून ठेवतो हे खरं, पण त्याचे पृष्ठभाग कधीतरी भरतातच.

खरी गंमत ऑक्सिजनची आहे. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो. मोरीच्या पाण्यातली घाण पचवायला मात्र जिवाणूंना लिटरमागे बऱ्याचदा १०० ते ३०० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे फिल्टर सतत तुडुंब ठेवला तर वरच्या थरातच ऑक्सिजन संपणार, आणि खाली सल्फेटवर जगणारे जिवाणू सडक्या अंड्यांचा वास सोडणार. उलट एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २७५ मिलिग्रॅम, आणि तो हवेतून पाण्यापेक्षा हजारो पटींनी वेगाने पसरतो. त्यामुळे पाणी एकदम न सोडता थोडं थोडं, मध्ये खंड देत सोडावं. प्रत्येक खेप निचरताना आपल्यामागे ताजी हवा वाळूत ओढून घेते. माझ्या मते कुठलं ‘माध्यम’ वापरलं यापेक्षा हा खंड दहापट महत्त्वाचा.

साबणाच्या पावडरीतल्या फेसकारी रेणूची गोष्टही इथेच येते. त्याला कार्बनची लांब शेपटी असते. जिवाणू शेपटीच्या टोकाला आधी ऑक्सिजन जोडतात आणि मग दोन-दोन कार्बन कुरतडत पुढे सरकतात. पूर्वीच्या रेणूंची शेपटी फांद्या फुटलेली होती, ती कुरतडता येईना. १९५० च्या दशकात नद्यांवर फेसाचे डोंगर साठले ते त्यामुळे. मग शेपटी सरळ केली गेली. पण सुरुवातीच्या त्या पायरीला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे हवाबंद टाकीत आजचा फेसही चिवटच.

त्यामुळे चुंबक बसवून किंवा ‘ऊर्जाभारित’ खडे टाकून पाणी शुद्ध करून देणाऱ्यांना एवढंच विचारावं: यातून ऑक्सिजन किती मिळतो? शेवग्याच्या बियांचं तसं नाही. त्यांतलं धनभारित प्रथिन गढूळपणा खरंच खाली बसवतं. मात्र बियांचा उरलेला अंश पाण्यात राहिला की तेच पाणी लवकर नासतं.

साबणाच्या पावडरीतून येणाऱ्या सोडियम आणि बोरॉन यांना मात्र ही जिवाणूंची वस्ती हात लावत नाही. ते गाळूनही जसेच्या तसे बागेत उतरतात. सोडियम साचला की चिकणमातीचे कण विस्कटतात आणि पाणी जमिनीत मुरेनासं होतं. हे गाळलेलं पाणी पिण्याचं नव्हे, आणि कच्च्या खायच्या पाल्यावर शिंपडायचंही नव्हे.

फिल्टर तुंबलाच तर सगळी वाळू उपसून धुऊ नका, ब्लीचिंग तर अजिबात ओतू नका. वरचा थर खरवडा आणि काही दिवस पाणी बंद ठेवा. उपाशी जिवाणू स्वतःचाच बुळबुळीत थर पचवतात आणि फटी पुन्हा मोकळ्या होतात.