पिसांग गोरेंग: कढईमागचा इतिहास

दुपारचे चार वाजत आले की मलेशियात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कढया तापतात आणि पिसांग गोरेंगचे, म्हणजे तळलेल्या केळ्यांचे, घाणे निघू लागतात. उभं चिरलेलं पिकलं केळं, त्यावर पिठाचा पातळ थर, आणि कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा. जाणकार गिऱ्हाईक हा चुराही मागून घेतं. शेजारच्या परातीत रताळ्याचे, नीरफणसाचे आणि फणसाच्या भाऊबंदातल्या चंपडाकचे तळलेले तुकडे असतात. मलय माणसाला हा खाऊ आजी-पणजीपासूनचा वाटतो. केळ्यापुरतं ते अगदी खरं आहे. पण कोपऱ्याकोपऱ्यावर, रोज, मजुरालाही परवडेल अशा भावात तो मिळू लागला ती गोष्ट विसाव्या शतकातली आहे, आणि तिच्या मुळाशी तेल आहे.

आधी केळं. म्युझा अक्युमिनाटा ही केळ्याची रानटी जात आग्नेय आशियाच्या जंगलांत आपोआप वाढते. तिची फळं बियांनी भरलेली असतात. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कूक दलदलीत केळ्याच्या लागवडीचे सुमारे 6500 ते 7000 वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत. 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी केळ्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, पहिल्यांदा उलगडला, तोही याच जातीच्या ‘पहांग’ या प्रकाराचा. पहांग हे मलेशियातलं एक राज्य. तळण्याची केळी मात्र बहुधा संकरित असतात: अक्युमिनाटाचा दुसऱ्या एका रानटी जातीशी, म्युझा बाल्बिसियानाशी झालेला संकर. या केळ्यांत पिठूळपणा जास्त, त्यामुळे गरम तेलात ती विरघळत नाहीत. पिसांग नीपा, पिसांग अबू, पिसांग आवाक, शिंगासारखं लांब पिसांग तांडुक ही त्यातली टपऱ्यांवरची ओळखीची नावं. वसईकडे जिची सुकेळी करतात ती आपली राजेळीही याच गोतावळ्यातली. केळं किती पिकलंय हे टपरीवाली सालीवरून ओळखते. कच्चं असेल तर तुरट लागतं, फार पिकलं असेल तर तेल पितं आणि झाऱ्यावर मोडतं. साल पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके धरू लागले, पण बोटाला गर अजून घट्ट लागतोय, ही वेळ तिला साधावी लागते.

पिठात तांदळाचं पीठ, थोडा मैदा, मीठ, चिमूटभर हळद आणि जराशी चुन्याची निवळी. विड्याला लावतात तोच हा चुना. पानविड्याची चाल मलय घरांतही होती, त्यामुळे चुन्याची डबी हाताशी असायचीच. कोहळ्याचा पेठा करणाऱ्या बायकांना चुना काय काम करतो हे सांगायला नको. इथे त्यामुळे केळ्यावरचं आवरण निवल्यावरही बराच वेळ कुरकुरीत राहतं. तांदूळ तिथलाच. गहू मात्र मलेशियात पिकत नाही, तो बाहेरून येतो. 1960 च्या दशकात आयात गहू दळणाऱ्या मोठ्या गिरण्या देशातच उभ्या राहिल्या आणि मैदा गावच्या वाण्याकडेही सहज मिळू लागला.

आता तेल. केळं तळायचं तर ते तेलात बुडायला हवं. पूर्वी मलय घरात तेल म्हणजे खोबरेल. नारळ खवायचा, दूध पिळायचं, आणि तेल सुटेपर्यंत ते मंद आचेवर आटवत बसायचं. कोकणातल्या कुणालाही हे कष्ट ठाऊक आहेत. एवढ्या मेहनतीचं तेल कढई भरून रोज तापवणं साध्या घराला कुठून झेपणार?

हे चित्र बदललं ते पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या एका झाडामुळे. 1848 मध्ये डच लोकांनी जावामधल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात तेलताडाची, म्हणजे ज्याच्या फळांतून पामतेल निघतं त्या झाडाची, चार रोपं लावली. मलायात, म्हणजे आजच्या पश्चिम मलेशियात, हे झाड 1870 च्या दशकात आलं, ते निव्वळ शोभेसाठी. त्याची पहिली व्यापारी लागवड 1917 मध्ये क्वाला सेलांगोरजवळच्या तेन्नामाराम मळ्यात आंरी फोकोनिये या फ्रेंच मळेवाल्यानं केली. तरी पुढची कितीतरी वर्षं मलायात रबराचंच राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रबर बाजारात आलं, रबराचे भाव बेभरवशाचे झाले, आणि सरकारची नजर तेलताडाकडे वळली. भूमिहीन शेतकऱ्यांना जमीन देऊन वसवण्यासाठी 1956 मध्ये ‘फेल्डा’ ही संस्था स्थापन झाली. जोहोर राज्यातल्या तैब अंडाक इथं 1961 मध्ये तिची पहिली तेलताड वसाहत सुरू झाली. अशा वसाहतींमध्ये एकेका कुटुंबाच्या वाट्याला साधारण चार हेक्टर जमीन येई, आणि वसणारी कुटुंबं बहुतांशी मलय होती.

या कहाणीत एका भुंग्याचाही वाटा आहे. मलेशियात तेलताडाला परागीभवन करणारा योग्य कीटक नव्हता, म्हणून मजूर हातानं फुलोऱ्यावर पराग टाकत. 1981 मध्ये कॅमेरूनहून एक बारीकसा सोंडभुंगा आणून मळ्यांत सोडला, आणि ते काम तो करू लागला. त्याच सुमारास देशातले शुद्धीकरण कारखाने वाढत होते. पामतेलातला घट्ट भाग वेगळा काढला की जे पातळ ओलीन उरतं, ते तळणाला फार सोयीचं: जास्त आचेवर टिकतं, लवकर खवट होत नाही. टपरीवालीला आणखी काय हवं? हेच तेल आपल्याकडेही आलं. 1980 च्या दशकात रेशनवर मिळणारं पामतेल महाराष्ट्रातल्या अनेक घरांना आठवत असेल. त्यातलं बरंचसं मलेशियाचं होतं. या स्वस्ताईपायी सपाटीवरची किती जंगलं गेली हे मात्र विसरता येत नाही. बोर्निओ बेटावरच्या ओरांगउटान या वानराचा अधिवास ज्या कारणांनी तुटत गेला, त्यात हे मळे ठळक आहेत.

तेल झालं, मैदा झाला. गिऱ्हाईक शहरांनी दिलं. मलय लोकांना उद्योगधंद्यांत वाटा मिळावा म्हणून सरकारनं आखलेल्या, 1971 नंतरच्या नव्या आर्थिक धोरणाच्या काळात मलय तरुण-तरुणी गाव सोडून सेलांगोर आणि पेनांगच्या कारखान्यांत आले. संध्याकाळी काम सुटलं की चहाबरोबर काहीतरी गरम हवं असायचं. एक छत्री, गॅसची शेगडी आणि कढई एवढ्या भांडवलावर बाईमाणसाला घराबाहेरच धंदा मांडता येई. सिंगापूरमध्ये सरकारनं 1970 च्या दशकापासून फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून हॉकर सेंटरांत नेलं. तिथल्या या खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान्यता दिली. मलेशियात मात्र रस्त्याकडेची कढई अजून जागेवर आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. जोहोरमध्ये हीच केळी सोया सॉस, लसूण, साखर आणि बारीक तिखट मिरच्यांच्या सांबल किचापमध्ये बुडवून खातात. केळ्याच्या गोडीला इतकी चपखल जोड दुसरी नाही. अलीकडे वर किसलेलं चीज आणि चॉकलेटही घालतात. त्यात केळं हरवतं.

तेलाचा भाव परवडता राहण्यामागे सरकारचाही हात आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये बाटलीबंद तेलाचं अनुदान बंद झालं, पण एक किलोची प्लास्टिकची पिशवी 2.50 रिंगिटला (रिंगिट हे मलेशियाचं चलन) मिळत राहिली. ती घरगुती वापरासाठी. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे गहू महागला आणि इंडोनेशियानं काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा जगभरच्या तळणाऱ्यांना झळ बसली.

पण आजची मोठी काळजी केळ्याचीच आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत असलेला ‘रक्तरोग’ 2007 च्या सुमारास मलेशियात पोचला. बाहेरून घड धडधाकट दिसतो, कापल्यावर आतला गर लालसर तपकिरी निघतो. तळणाच्या संकरित जातींवर त्याचा जोर अधिक आहे. केळफुलावर येणारे कीटक या रोगाचे जिवाणू पसरवतात, म्हणून घड धरला की केळफूल लगेच मोडून टाका आणि प्रत्येक झाडानंतर कोयता निर्जंतुक करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. मोठ्या मळ्यात हे जमतं. परसातल्या दोन-चार खुंटांची एवढी निगा कुणी राखत नाही, आणि तळणाची केळी बरीचशी अशाच परसांतून आणि छोट्या वाड्यांतून येतात.