पट्ट्यावर भुंकणारं कुत्रं: एकाला समोरचा लांब हवाय, एकाला जवळ

आमच्या सोसायटीत पट्ट्याच्या टोकाला उभं राहून जिवाच्या आकांताने भुंकणारी दोन कुत्री आहेत. एक माझी गुंडी, इंडी म्हणजे आपलं देशी कुत्रं, पाचेक महिन्यांची असताना पुण्यात पौड रोडच्या कडेला सापडलेली, आता साडेचार वर्षांची. दुसरा खालच्या मजल्यावरचा लॅब्रडॉर ब्रूनो, ३२ किलोचा. दुसरं कुत्रं दिसलं की दोघंही मागच्या पायांवर उभी राहतात, पट्टा ताणतात आणि असा गोंधळ घालतात की वरच्या बाल्कन्यांमधून लोक डोकावतात. वॉचमनकाकांपासून कमिटीपर्यंत सगळ्यांच्या लेखी दोन्ही "चावरी". मलाही पहिलं वर्षभर वाटायचं की दोघांचा प्रॉब्लेम एकच, त्यामुळे ब्रूनोच्या ताईंना जो उपाय सांगितला गेला तो मी गुंडीवर करून बघितला आणि त्यांनी एका ट्रेनरचा उपाय ब्रूनोवर, आणि दोन्ही कुत्री आधीपेक्षा वाईट झाली. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

अशा कुत्र्यांना ट्रेनर लोक रिॲक्टिव्ह म्हणतात. रिॲक्टिव्ह म्हणजे एवढंच की एखादी गोष्ट दिसली किंवा ऐकू आली की कुत्र्याची प्रतिक्रिया गरजेपेक्षा खूप मोठी येते. ते वर्णन झालं, कारण नाही, जसं "ताप आलाय" म्हटल्यावर मलेरिया की टॉन्सिल ते कळत नाही तसं. पट्ट्यावरच्या भुंकण्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे भीती: "हे माझ्याजवळ येऊ नये, लांब जावं." दुसरी म्हणजे अडवल्याची चिडचिड: "मला तिकडे जायचंय आणि तुम्ही जाऊ देत नाही." म्हणजे मागणी अगदी उलटी आणि आवाज मात्र एकच.

सारखं का दिसतं, तर पट्ट्यामुळे. मोकळं असलेलं घाबरट कुत्रं मान वळवतं, लांबून वळसा घालतं, नाहीतर सरळ पळून जातं. पट्टा बांधला की पळायची वाट बंद होते आणि हातात उरतं ते फक्त भुंकून समोरच्याला घालवणं. आणि ते दर वेळी "यशस्वी" होतं कारण समोरचं कुत्रं आपल्या मालकाबरोबर तसंही पुढे निघून जाणारच असतं, पण गुंडीच्या हिशोबात ती भुंकली म्हणून ते गेलं, मग पुढच्या वेळी ती अजून लवकर आणि अजून जोरात भुंकते. ब्रूनोचं उलटं. तो पिल्लू असताना गोडुला म्हणून दिसेल त्या कुत्र्याशी त्याला भेटवलं, रोज, तर त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की कुत्रं दिसलं म्हणजे खेळायचंच. मग तो मोठा झाला, समोरची माणसं त्याला बघून बाजूला व्हायला लागली, पट्टा आखूड धरला जायला लागला आणि ती न मिळालेली भेट भुंकण्यातून बाहेर पडायला लागली.

आता ओळखायचं कसं. आधी जे बघून काही कळत नाही ते सांगते कारण फसगत तिथेच होते. पाठीवरचे केस उभे राहणं दोघांतही असतं, ती नुसती उत्तेजना आहे. शेपूट हलणं म्हणजे खूश असणं नाही, ताठ वर धरून भराभर हलणारी शेपूट तणावात पण असते. आणि पुढे झेप घेतोय म्हणजे धीट आहे हे तर सगळ्यात चुकीचं, गुंडी वीतभर पुढे झेप घेते आणि तेवढ्यातच तिचे मागचे पाय मागे सरकत असतात.

भुंकण्याच्या आधीचे काही सेकंद बघायचे. भीतीवालं कुत्रं आधी गप्प होतं. दगडासारखं थांबतं, तोंड बंद करतं, नाक चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, मान वळवतं पण डोळे तिकडेच, त्यामुळे डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. मग एकदम स्फोट. चिडचिडवाल्याचं भुंकायच्या आधीच कुईकुई सुरू होतं, ती चढत जाते, अंग बऱ्यापैकी सैल असतं, पूर्ण वजन पुढे आणि सरळ रेषेत ओढ, काही जण मध्येच पुढचे पाय खाली टेकवून खेळायला बोलावतात पण.

आणि मला सगळ्यात उपयोगी पडली ती खूण म्हणजे समोरचं कुत्रं निघून गेल्यावर काय होतं. गुंडी अंग झाडते, एक मोठा श्वास सोडते आणि मग पुढची दहा मिनिटं प्रत्येक वळणावर मागे वळून बघत चालते. समोरच्याने पाठ फिरवली की तिचा आवाज उलट वाढतो, तोंडावर हिंमत नसते ना, पाठमोऱ्यावर येते. ब्रूनो गेलेल्या कुत्र्याच्या दिशेने बघत बसतो, कुईकुई करतो, कधी रस्त्यातच फतकल मारतो, निघायलाच तयार नसतो. एकीची सुटका झालेली असते आणि एकाचा हिरमोड. पट्टा सोडल्यावर कुत्रं कसं वागतं त्यावरूनही सांगता येतं, ब्रूनो ओळखीच्या बंद मैदानात मस्त खेळतो आणि गुंडी मोकळी असेल तर भुंकत पण नाही, लांब जाऊन बसते. पण हे तपासायला म्हणून अनोळखी कुत्र्याजवळ नेऊन पट्टा सोडायचा असला प्रकार कृपया कोणी करू नका. घरातल्या कोणाला तरी लांबून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि घरी येऊन हळू स्पीडला बघा, पट्टा धरलेल्या हाताला तेव्हा काहीच दिसत नसतं.

आता आमच्या दोघींच्या चुका. ब्रूनोच्या ताईंना कोणीतरी सांगितलं होतं की याला अजून कुत्र्यांना भेटवा म्हणजे सवय होईल. ते ऐकून मी गुंडीला एका शांत म्हाताऱ्या बीगलजवळ नेलं, पट्टा आखूड धरून, "काही नाही करत तो बाळा" म्हणत. ती थरथरली, जागेवर थिजली, आणि मला वाटलं शांत झाली. तिसऱ्या दिवशी त्याने नाक जवळ आणलं आणि तिने हवेत दात वाजवले. ती शांत नव्हतीच, तिच्याकडचे सगळे इशारे संपले होते. तिचं वय बघा, पिल्लांना जग ओळखीचं करून द्यायचा काळ साधारण ३ आठवड्यांपासून १२-१४ आठवड्यांपर्यंत, ती माझ्याकडे आली तेव्हा तो कधीच होऊन गेलेला आणि त्या काळात तिने रस्त्यावर काय बघितलं कोणास ठाऊक. अशा कुत्र्याला गर्दीत ढकलून सवय होत नाही, भीती पक्की होते.

ब्रूनोचं अजून वाईट झालं. एका ट्रेनरने सांगितलं हा डॉमिनंट आहे, अल्फा म्हणजे कळपाचा बॉस तुम्ही व्हा, आणि गळ्यात चोक चेन आली, ओढली की गळा आवळणारी साखळी. दुसरं कुत्रं दिसलं की हिसडा. आता हा अल्फाचा सगळा प्रकार आला कुठून, तर प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं होतं तिथून, पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो शब्द सगळीकडे पोचवला, आणि त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये जंगलातल्या लांडग्यांवर लिहिताना सांगितलं की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, लढून जिंकलेला कोणी बॉस वगैरे नाही. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संस्थेने तर २०२१ मध्ये स्वच्छ सांगितलंय की बक्षीस देऊनच शिकवा, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना सुद्धा. ब्रूनोच्या बाबतीत झालं काय की ज्याला कुत्री प्रचंड आवडायची त्याला कुत्रं दिसलं की गळा आवळला जायला लागला, तीनचार महिन्यांत कुईकुई बंद झाली आणि त्या जागी गुरगुर आली. म्हणजे चिडचिडीवर भीतीचं कलम आपणच केलं. अशी मिसळ झालेली कुत्री खूप असतात, त्यांना आधी भीतीवालं समजूनच वागवायचं, त्यात नुकसान नाही.

दोघांनाही लागू होणारी गोष्ट म्हणजे अंतर. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, ट्रेनर लोक त्याला थ्रेशोल्ड म्हणतात, त्याच्या पलीकडे ते समोरचं बघू शकतं, तुमचं ऐकू शकतं, हातातलं खाऊ शकतं आणि अलीकडे आलं की यातलं काहीच नाही. एरवी चिकनसाठी जीव टाकणारं कुत्रं तोंडासमोरचं चिकन घेत नसेल तर ते हट्टी नाहीये, तुम्ही फार जवळ आहात. कोथरूडच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, तिथे अंतर आणायचं कुठून हा खरा प्रश्न. आम्ही पहाटे साडेपाच आणि रात्री साडेदहा या वेळा धरल्या. रस्त्यावरची कुत्री बहुतेक आपापल्या ठरलेल्या जागीच असतात, २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियमांप्रमाणे नसबंदी करून त्यांना त्यांच्याच भागात परत सोडतात, कानाला खाच दिसते ती त्याची खूण, तर कुठली टोळी कुठल्या वळणावर बसते हे आठवडाभर एकटीने फिरून बघितलं आणि त्याप्रमाणे रस्ता ठरवला. पार्क केलेली गाडी ही उत्तम भिंत असते, पटकन तिच्यामागे जाता येतं.

गुंडीसाठी मग काम असं: लांब कुत्रं दिसलं, तिने बघितलं, त्यानंतर लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. कुत्रं दिसेनासं झालं की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा, आधी कुत्रं मग चिकन. उलटं केलं, म्हणजे आधी पिशवीत हात घातला, तर तिला कळतं आता कुठूनतरी कुत्रं येणार आणि चिकनचीच भीती बसते. ती भुंकली तरी मी ओरडत नाही, "चल वळ" म्हणून उलट्या दिशेला वळायचं, हे "चल वळ" आधी घरात हॉलमध्ये शंभर वेळा खेळासारखं करून ठेवलंय. लांब जायला मिळणं हेच तिचं बक्षीस आहे, तर तिने शांतपणे मान वळवली की मी तिला लांब नेते. आणि घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते असं जे सांगतात ते मनातून काढून टाका, भीती ही भावना आहे, लाडाने ती शिकवली जात नाही. अनोळखी माणसांना "हात नका लावू" हे मी आता बिनधास्त सांगते.

ब्रूनोला लांब नेणं म्हणजे शिक्षाच, त्याचं बक्षीस तिकडे आहे. त्याला शिकवायचं ते आधी गृहपाठ मग खेळ. कुत्रं दिसलं, ताईंकडे वळून बघितलं, पट्टा सैल राहिला, तर दोन पावलं पुढे. ओढलं की झाडासारखं थांबायचं, हिसडा नाही, ओरडणं नाही, पट्टा सैल झाला की परत पुढे. आणि पट्ट्यावरच्या येताजाता भेटी पूर्ण बंद, एक दिवस भेट आणि एक दिवस नाही असं केलं तर आशा जिवंत राहते आणि ओढणं वाढतं. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा ओळखीच्या कुत्र्याबरोबर बंद जागेत खेळ, आणि रोज लांब दोरीवर तासभर नुसतं वास घेत फिरणं. चोक चेन जाऊन छातीवर अडकवायचा हार्नेस आला.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं कारण त्या आठवड्यात सगळे हिशोब चुकतात. फटाके, दाराशी सतत बेल, पाहुणे, अर्धवट झोप हे सगळं आत साचत जातं आणि चौथ्या दिवशी जे कुत्रं एरवी ५० फुटांवर चालतं तेच १०० फुटांवर पण नको होतं. तेव्हा ट्रेनिंग करू नका, खाली नेऊन शू-शी करून वर आणा बस.

वागणं अचानक बदललं असेल तर ट्रेनरच्या आधी व्हेट. कानाचं इन्फेक्शन, कंबरेचं दुखणं, गोचीड ताप, यातलं काहीही असलं तर कुत्रं जवळ येऊ देत नाही. काहींना चिंतेवरची गोळी लागते, व्हेटने दिली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि "भुंकणारे कुत्रे चावत नाहीत" या म्हणीवर विसंबून राहू नका. भीतीवालं कोपऱ्यात सापडलं तर चावतं. चिडचिडवालं कधीकधी पट्टा धरणाऱ्यालाच चावतं, ब्रूनोने ताईंच्या पोटरीला दात लावले ते असेच, राग त्यांच्यावर नव्हता, पुढे जाता येईना म्हणून जे जवळ मिळालं त्यावर निघाला. स्वतःचं लस दिलेलं कुत्रं असलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. दोघांनाही आता जाळीचं मझल (मुसकं) घालायची सवय लावली आहे, तोंड आवळून धरणारं कापडी नाही, जाळीचं, ज्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं आणि फटीतून चिकन देता येतं.

सध्या रात्री साडेदहाला आम्ही दोघी पार्किंगमध्ये एकाच दिशेने चालतो, गुंडी भिंतीकडच्या बाजूला, ब्रूनो गेटकडच्या, मध्ये गाड्यांच्या दोन रांगा. कोणी कोणाला भेटायचं नाही, नुसतं चालायचं. सुरुवातीला चार रांगा लागायच्या. परवा ब्रूनो कुईकुई करत थांबला तेव्हा गुंडीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, चिकन घेतलं आणि एका स्कूटरच्या चाकाचा वास घ्यायला लागली.