सावळा रंग त्वचेत काय काम करतो?

एप्रिल लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत स्कूटीवरच्या मुलींचे चेहरे दिसेनासे होतात. तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, अंगात सनकोट, हातात मोजे. पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या गावात डोकं झाकणं शहाणपणाचंच आहे. पण कारण विचारलं तर ऊन लागण्याचं नाव क्वचितच निघतं. "काळी पडते की ओ!" हेच उत्तर येतं. सुट्टीवरून परतलेल्या मुलीला दारातच कुणीतरी काकू म्हणते, "काय गं, किती काळवंडलीस!" लग्नाच्या बायोडेटात वर्णाचा रकाना असतो आणि चांगली सावळी मुलगी तिथे 'निमगोरी' होऊन बसते.

या सगळ्यामागे एक समज आहे. गोरी त्वचा हीच खरी, निरोगी त्वचा, आणि काळेपणा म्हणजे वरून बसलेलं काहीतरी, घासलं की निघेल, मलम लावलं की उतरेल. जीवशास्त्राच्या हिशेबाने हे साफ चूक आहे. त्वचेतला रंग ही एक चालू यंत्रणा आहे आणि मला ती शरीरातल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी एक वाटते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. त्याच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते! फरक पडतो तो या पेशी काय बनवतात आणि बनवलेलं पुढे कसं पोचवतात, यात.

रंगपेशीच्या आत मेलॅनोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत टायरोसिन या अमिनो आम्लावर टायरोसिनेज हे विकर काम करतं. या विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. टायरोसिनपासून डोपाक्विनोन तयार होतं आणि तिथे दोन वाटा फुटतात. सिस्टीन हे दुसरं अमिनो आम्ल हजर असेल तर तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन बनतं, नसेल तर तपकिरी-काळं युमेलॅनिन. अतिनील किरण शोषून घेण्यात युमेलॅनिन जास्त भरवशाचं.

पण नुसतं बनवून भागत नाही. एक रंगपेशी आजूबाजूच्या सुमारे ३६ त्वचापेशींना, म्हणजे केराटिनोसाइटना, रंग पुरवते. त्यासाठी तिला झाडाच्या फांद्यांसारखे लांब फाटे असतात. भरलेल्या पिशव्या पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांवरून कायनेसिन प्रथिनाच्या जोरावर फाट्यांच्या टोकाकडे सरकतात. टोकाशी रॅब२७ए, मेलॅनोफिलिन आणि मायोसिन-५ए ही तीन प्रथिनं मिळून पिशवीला ॲक्टिनच्या धाग्यांत पकडून ठेवतात. मग शेजारची त्वचापेशी ती आत घेते. या तिघांपैकी एकाचंही जनुक बिघडलं तर ग्रिसेली सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो. त्यात रंग तयार होतो, पण पोचत नाही, आणि केस चंदेरी दिसतात.

आता माझा सर्वांत आवडता भाग. त्वचापेशीत पोचलेल्या पिशव्या कुठेही विखरून पडत नाहीत. त्या केंद्रकाच्या वर, नेमक्या बाहेरच्या बाजूला गोळा होतात आणि तिथल्या डीएनएवर छत्री धरतात. अतिनील किरण डीएनएवर पडले की त्याच्या साखळीतले थायमिन नावाचे शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात, आणि अशा चुका दुरुस्त न होता साचल्या तर त्वचेच्या कर्करोगाकडे वाट जाते. काळ्या त्वचेत मेलॅनोसोम मोठे आणि सुटे असतात, वरच्या थरांतही टिकून राहतात. गोऱ्या त्वचेत ते लहान, झुबक्यांनी असतात आणि लवकर विरतात. १९७९ साली केलेल्या मोजणीत गोऱ्या बाह्यत्वचेतून यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांचे सुमारे २४ टक्के आत गेले, काळ्या बाह्यत्वचेतून ७.४ टक्के.

उन्हाने काळवंडणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नये. त्वचापेशीच्या डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन जागं होतं, ते पीओएमसी नावाचं दुसरं प्रथिन बनवायला लावतं, पीओएमसीचा एक तुकडा म्हणजे अल्फा-एमएसएच हे संप्रेरक, ते रंगपेशीवरच्या एमसी१आर या ग्राहकाला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आणि टायरोसिनेजचं काम वाढतं. म्हणजे टॅन ही इजेनंतरची तजवीज आहे. जन्मजात सावळेपणा ही इजेआधीची. त्वचापेशी गळून नव्या यायला साधारण महिना लागतो, त्यामुळे टॅन आपोआप फिका होतो. स्क्रबने फक्त वरच्या मृत पेशी निघतात. रंग तयार होतो तो त्यांच्या खूप खाली.

सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथे भरदुपारी थेट डोक्यावर येतो. अशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांची त्वचा सावळी असणं हे त्या उन्हाला दिलेलं नेमकं उत्तर आहे. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली मांडलं की काळ्या रंगाने रक्तातल्या फॉलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं रक्षण होतं, कारण अतिनील किरणांनी फॉलेट मोडतं आणि गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या वाढीला ते लागतंच. याची दुसरी बाजूही खरी आहे: सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं. त्यामुळे बाराही महिने स्कार्फ-सनकोटात गुंडाळून राहणं काही फायद्याचं नाही.

गर्भाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. केशर-दूध प्यायल्याने बाळ गोरं होत नाही. रंग अनेक जनुकांवर ठरतो. त्यातलं एक, एसएलसी२४ए५, २००५ साली झेब्राफिश या माशाच्या अभ्यासातून सापडलं. आई-बापांकडून कुणाला कोणती प्रत मिळते त्याप्रमाणे सख्ख्या बहिणींचे रंगही वेगळे होतात. गरोदर सुनेच्या हातात केशराचा पेला देताना तिच्या लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या संपल्या का, हे कुणी बघत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

याहून जास्त राग येतो तो गोरेपणाच्या मलमांचा. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० साली बदललं, पण मागणी कुठे बदलली? घातक माल तर वेगळाच असतो. काही बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो टायरोसिनेजचं काम अडवतो, म्हणून रंग उतरतो, पण तोच पारा मूत्रपिंडांना इजा करतो. आणि स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असलेली मलमं मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळली जातात. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. पार्लरच्या कपाटात ती चिठ्ठी कोण मागणार?

"स्वतःवर प्रेम करा" असं मुलींना सांगणं सोपं आहे. पण रोज तुलना सोसणाऱ्या मुलीला नुसत्या उपदेशाने काय मिळतं? नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञ जेसिका अलेवा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या शरीराबद्दल नाराज असलेल्या तरुणींना त्यांनी तीन लेखनाचे पाठ दिले. विषय एकच, माझं शरीर काय काय करतं. दिसण्याबद्दल चकार शब्द नाही. तरीही त्या तरुणींचं आपल्या दिसण्याबद्दलचं समाधान वाढलं, शरीराविषयीचा आदर वाढला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आठवी-नववीच्या मुलींना मेलॅनिन शिकवताना तेवढी व्याख्या लिहून देऊन पुढे जाऊ नये. तुझ्या गालावरच्या प्रत्येक पेशीत आत्ता काय चाललंय, हे तिला सूक्ष्मदर्शकाच्या चित्रातून दाखवावं.

आणि ज्या बाई आधीच असं मलम वापरत असतील त्यांना एक विनंती. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. स्टिरॉइड अचानक थांबवलं की चेहरा लाल होऊन भयंकर आग होते, आणि घाबरून बाया पुन्हा तीच ट्यूब उघडतात. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, सरकारी दवाखान्यातली त्वचेची ओपीडी चालेल. किती महिने लावलं ते खरं सांगा. ते कसं कमी करत न्यायचं हे डॉक्टर ठरवतील.