गार थांबायला दोन सेंटीमीटर

कोल्हापुरात वळीव येतो तो बहुधा दुपार कलल्यावर. सकाळपासून अंगाची लाही लाही, चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, धुरळ्यानं समोरचं दिसेनासं होतं आणि मग टपोऱ्या थेंबांबरोबर पत्र्यावर ताडताड सुरू होतं. पोरं गारा वेचायला बाहेर पळतात आणि गाडीवाले खिडकीत येऊन उभे राहतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या वस्त्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधी वसल्या. तिथं दारात तुळशीकट्टा सापडेल, गॅरेज नाही. गाडी बोळाच्या तोंडाला, नाहीतर तालमीच्या पुढ्यात. जोतिबाची चैत्र यात्राही नेमकी याच दिवसांत. तेव्हा वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गाड्यांच्या रांगाच्या रांगा उघड्या माळावर उभ्या असतात.

या गाड्यांवर एक तर काहीच नसतं, नाहीतर चंदेरी रंगाचं पातळ कव्हर असतं. उन्हाला, धुळीला आणि कावळ्यांना ते ठीक आहे. गारेपुढं ते असून नसून सारखंच. ते का, हे समजून घेतलं की फार खर्च न करताही गाडी बरीचशी वाचवता येते.

आधी गारेचं बघू. उन्हानं जमीन तापलेली असते, वर समुद्राकडून आलेला दमटपणा असतो. अशी हवा एकदा वर उसळली की ढग १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत चढतो. आता गंमत अशी, की पाणी शून्य अंशाखाली गेलं म्हणून लगेच गोठतंच असं नाही. ढगातले बारीक थेंब उणे १० अंशालाही पाणीच राहू शकतात. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. बर्फाचा कण भेटला की ते त्यावर आपटतात आणि तिथंच गोठतात. पाणी सावकाश गोठलं तर हवेचे बुडबुडे निसटून जातात आणि थर काचेसारखा स्वच्छ होतो, झटकन गोठलं तर दुधाळ. मोठी गार कापून पाहिली तर हे थर दिसतात. ते पाहूनच गार ढगात खाली-वर हेलपाटे घालते, असं पूर्वी सांगत असत. आता अभ्यासकांचा कल वेगळा आहे: वर ढकलणारा वारा आणि गारेचं वजन यांचा मेळ बसला, की बरीचशी वाढ एकाच फेरीत, तरंगत तरंगत होते.

वाऱ्याला गारेचं वजन पेलेनासं झालं की ती खाली निघते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये शून्य अंशाची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर असते आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर. म्हणजे गारेला चार किलोमीटर उबदार हवेतून यावं लागतं. त्यात बारक्या गारा विरघळून जातात. वळवाचे ते गार, टपोरे थेंब पुष्कळदा वितळलेल्या गाराच असतात. उरतात त्या बहुतेक वेळा हरभऱ्याएवढ्या किंवा बोराएवढ्या, आणि त्यांनी गाडीचं फारसं बिघडत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्या-विदर्भात गारपिटीनं जे झालं ते पाहिलेलं आहेच. १४ एप्रिल १९९९ ला ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरावर ९ सेंटीमीटरपर्यंतच्या गारा पडल्या आणि सुमारे ७०,००० गाड्यांचं नुकसान झालं.

बोराएवढीनं काही होत नाही आणि त्याहून थोडी मोठी झाली की टपावर पोचे, हा फरक इतका अचानक का येतो? गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. शिवाय जड गार जास्त वेगानं पडते. दणका, म्हणजे गारेची ऊर्जा, ठरतो वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर, आणि वेगाचा वर्ग जवळजवळ दुप्पट होतो. आठ दुणे सोळा. व्यास दुप्पट, तर दणका सोळापट.

आकड्यात मांडायला सोलर पॅनेलची चाचणी सोयीची आहे. पॅनेल बाजारात येण्याआधी त्यावर बर्फाचे गोळे मारून पाहतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार गोळा २.५ सेंटीमीटर व्यासाचा, वजन साडेसात ग्रॅम, वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर. एवढ्या आकाराची गार आकाशातून साधारण याच वेगानं येते, असं धरलेलं आहे. तिची ऊर्जा होते सुमारे २ जूल. ५ सेंटीमीटरची गार घ्या, तर तीस-बत्तीस जूल.

समोर काय आहे? गाडीचा पत्रा सरासरी ०.७ मिलिमीटरचा. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या भाषेत २२ गेजच्या आसपास. तो थोडा दबून परत उसळतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की पोचा कायमचा. टपाचा मधला भाग आणि बॉनेटखालच्या सांगाड्याच्या पट्ट्यांमधली मोकळी जागा इथं पत्र्याला आधार नसतो, म्हणून बहुतेक पोचे तिथंच सापडतात.

आता मुद्द्याचं. गारेचे २ जूल कुठंतरी जिरायला हवेत. ते किती अंतरात जिरतात, यावर पत्र्याला बसणारं बळ ठरतं. गार एका मिलिमीटरात थांबली तर सरासरी बळ २००० न्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो वजनाएवढं, आणि तेही बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर. गार स्वतः फुटते तेव्हा यातलं थोडं कमी होतं, पण हिशोबाची दिशा बदलत नाही. तीच गार दोन सेंटीमीटरात थांबली तर बळ १०० न्यूटन, म्हणजे १० किलोचं. शिवाय ते पसरून लागतं. तालमीत आखाड्याची माती खणून भुसभुशीत ठेवतात ती याचसाठी. फरशीवर पडलेला पैलवान आणि मातीत पडलेला पैलवान सारख्याच वेगानं पडलेला असतो.

म्हणून कव्हर किती चिवट, किती जलरोधक, याला गारेच्या बाबतीत अर्थ नाही. अर्ध्या मिलिमीटरचं कव्हर गारेला अर्धा मिलिमीटरच जादा देतं. गाडीला चिकटून बांधलेल्या ताडपत्रीचंही तेच. हवी ती जाडी, आणि तीही दबणारी.

आपल्याकडं घराघरात वाकळ असते. जुन्या लुगड्यांची एक वाकळ दाबून पाहिली तर फार दबत नाही, पण दोन-तीन घड्या करून टपावर टाकली तर काम करते. फर्निचरच्या पॅकिंगला येतो तो पांढरा फोम त्याहून बरा: हलका, पाणी न पिणारा, दबून परत फुगणारा. तो टप, बॉनेट आणि मागच्या काचेवर, त्यावर नेहमीचं कव्हर, आणि वरून दोरी चाकांच्या रिंगांना आवळून बांधायची. दोरी विसरू नका; वळवाचा वारा गारेच्या आधी येतो आणि न बांधलेली वाकळ शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडते. आधी गाडी पुसून घ्या, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या कापडाखाली धूळ पॉलिश पेपरचं काम करील. ऐनवेळी काहीच नसेल तर पायाखालच्या रबरी मॅट काढून मागच्या काचेवर आणि टपावर टाकल्या तरी काहीएक फरक पडतो.

आधी मागची काच का? पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मधे प्लॅस्टिकचा चिवट पडदा. ती तडकते, पण सहसा जागेवर राहते. मागच्या आणि बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी, कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की सगळ्या एकदम चुरा होतात आणि मागून पाऊस आत. म्हणून वारं ज्या बाजूचं असेल तिकडं गाडीचं तोंड करून लावलेली बरी.

कायमची सोय करायची असेल तर माझं मत जाळीच्या बाजूनं आहे. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गारांसाठी जाळ्या ताणतात. नर्सरीवाल्यांची हिरवी शेडनेटही बोराएवढ्या गारेला पुरेशी होते. गाडीच्या टपापासून फूटभर वर, किंचित सैल बांधलेली जाळी गारेपुढं १० सेंटीमीटर झुकली, तर वरचा २०० किलोचा हिशोब २ किलोवर येतो. वारा तिच्यातून बराचसा आरपार जातो, त्यामुळं ताडपत्रीसारखं तिचं शीड होत नाही. मात्र उतार द्यायला हवा. पाच मीटर बाय तीन मीटर जाळीवर ५ सेंटीमीटर गारांचा थर साचला तर त्याचं वजन ४०० किलोच्या घरात जातं, आणि मग पाइपांसकट सगळं गाडीवरच येतं. पत्र्याचं शेड उत्तमच. त्याला पोचे पडतील, गाडीला नाही. जुना, उन्हानं पिवळा पडलेला फायबरचा पत्रा मात्र ठिसूळ झालेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि झाड म्हणजे छप्पर नव्हे. गुलमोहराची फांदी ज्या वाऱ्यात मोडते त्याच वाऱ्यात गारा येतात. होर्डिंगखाली तर नाहीच नाही. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात भलंमोठं होर्डिंग कोसळलं, ते आठवा.

एक उपाय अधूनमधून चर्चेत येतो: आवाजाच्या तोफा. ॲसिटिलीन पेटवून आभाळाकडं स्फोटाचा धक्का सोडायचा, म्हणजे म्हणे गार तयारच होत नाही. मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथं फोक्सवॅगननं कारखान्याच्या अंगणात उभ्या नव्या गाड्यांसाठी अशा तोफा लावल्या होत्या. २०१८ मध्ये आसपासच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली की या तोफांनी आमचा पाऊस पळवला. शेवटी कंपनीनं तोफा आपोआप उडवणं बंद करून जाळ्या लावायचं जाहीर केलं. तोफेनं पाऊसही पळत नाही आणि गारही थांबत नाही. जागतिक हवामान संघटनेनं या तोफांमागं शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलेलं आहे. विजेचा गडगडाट तोफेपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि गारा त्याच ढगातून पडतात, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

उरला प्रश्न वेळेचा. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा देतो, तो 'मौसम' ॲपवर दिसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडतेय का ते सांगतं. गारांचा ढग विजेचाही असतो, म्हणून 'दामिनी' दोन्हीला उपयोगी. फोम-वाकळ बाहेर काढायची ती इशारा आल्यावर, पहिला गडगडाट ऐकू आल्यावर नव्हे. एकदा विजा सुरू झाल्या की गाडी आहे तिथं सोडा आणि घरात थांबा.

रस्त्यावर असाल तर गोष्ट उलटी: गाडीतच बसा, धातूची बंद गाडी विजेपासून चांगला आसरा देते. फक्त वेग कमी करा. गाडीचा वेग गारेच्या वेगात मिसळतो आणि ताशी ८० नं पळणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर दणका जवळपास दुप्पट होतो. महामार्गावर पेट्रोल पंपाचं छत दिसलं तर तिथं वळा. उड्डाणपुलाखाली भर लेनमध्ये थांबणं हे गारेपेक्षा धोक्याचं.

आणि पोचे पडलेच तर? गारपिटीची भरपाई सर्वसमावेशक विम्यात मिळते, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पण दोन-चार बारीक पोच्यांसाठी दावा केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तेव्हा आधी गणित करा. रंग तडकला नसेल तर लांबी-पेंट न करता, आतून सळईनं पत्रा हळूहळू वर ढकलून पोचा काढणारे कारागीर असतात. मूळ रंग टिकतो आणि खर्चही कमी. गरम पाणी ओतून पोचा वर येतो ते प्लॅस्टिकच्या बंपरचं, टपाच्या पत्र्याचं नाही. विम्याचा सर्व्हेअर येईल तेव्हा गाडी सावलीत, ट्यूबलाइटखाली घ्या. ट्यूबची सरळ रेघ टपावर जिथं वाकडी दिसते तिथं पोचा आहे. भर दुपारच्या उन्हात तोच टप सपाट दिसतो.